गाडीच्या टपावर उपग्रहाचं नेट: आधी काय बघायचं, मग काय विकत घ्यायचं

नेवाडातल्या हायवे ५० वर ईली सोडलं की पुढचं गाव, युरेका, थेट ७७ मैलांवर. त्याच्या पुढचं ऑस्टिन आणखी ७० मैलांवर, आणि तिथून फॅलन ११० मैल. १९८६ साली 'लाइफ' मासिकाने या रस्त्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं, आणि नेवाडावाल्यांनी ते मनाला लावून न घेता पाट्यांवरच लिहून टाकलं. या रस्त्यावर फोनची रेंज गावाच्या आसपास येते आणि गाव मागे पडलं की जाते.

गेल्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर आई मागच्या सीटवरून कऱ्हाडच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. "अगं, इथं काहीच नाहीये. नुसतं माळरान. माणूस नाही, झाड नाही. हो, नेट आहे!"

नेट होतं, कारण टपावर स्टारलिंक मिनी होती, म्हणजे स्टारलिंक या उपग्रहावरून नेट देणाऱ्या सेवेची छोटी डिश. आई तिला 'पाट' म्हणते. आकार अगदी तसाच: साधारण ३० सेंटिमीटर लांब, २६ रुंद, ४ सेंटिमीटरहून किंचित कमी जाड. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "टपावर पाट कशाला मांडलायस, कोण जेवायला बसणारे?"

त्याच्या आधीच्या सहलीत मात्र हाच पाट डिकीत पडून होता. डिश चांगली, खातं चालू, पैसे भरलेले, आणि नेट शून्य. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. उपग्रहाचा भाग विनातक्रार चालतो. माणूस अडकतो ते गाडीतल्या विजेत, काचेत आणि डोक्यावरच्या झाडांत. या लेखातही त्यांनाच जास्त जागा दिली आहे. सगळी माहिती अमेरिकेतल्या वापराची आहे. भारताचा मुद्दा वेगळा आणि महत्त्वाचा, तो शेवटी.

१. आधी ठरवा, डिश खरंच हवी का

गाडी बंद पडली तर मदत मागता यावी, एवढीच गरज असेल तर डिश घेऊ नका. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनांत नोव्हेंबर २०२२ पासून रेंज नसताना उपग्रहामार्फत तातडीचा संदेश पाठवता येतो. टी-मोबाइल या फोन कंपनीने जुलै २०२५ मध्ये स्टारलिंकच्याच उपग्रहांवरून साध्या फोनवर मेसेज पोचवण्याची सेवा सुरू केली. ना वायर, ना स्टँड. फोन आभाळाकडे धरून थोडी वाट बघायची.

डिश कोणाला हवी? जे दोन-दोन आठवडे कॅम्पिंगला जातात, ज्यांना रस्त्यातून ऑफिसची मीटिंग करावी लागते, किंवा ज्यांच्या मागच्या सीटवर कार्टून बघणारी दोन मुलं आणि कऱ्हाडला फोन लावणारी एक आई आहे. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस एवढंच जात असाल तर फोनचा हॉटस्पॉट पुरतो. ते पैसे पेट्रोलला वापरा.

२. हे चालतं कसं, तेवढं समजून घ्या

जुन्या उपग्रह-टीव्हीची छत्री आठवा. तो उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर, आकाशात एकाच जागी. छत्री एकदा गच्चीवर बसवली की हलवायची नाही, आणि माकडाने हलवली की क्रिकेटची मॅच गेली. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ४८० ते ५५० किलोमीटरवर असतात आणि दीड तासाच्या आसपास पृथ्वीला एक फेरी मारतात. एक उपग्रह डोक्यावरून सरकतो, डिश दुसऱ्याला पकडते, मग तिसऱ्याला. यासाठी डिश हलत नाही. तिच्या आत बारीक अँटेनांची जाळी असते आणि लहरींची दिशा विजेनेच वळवली जाते.

"पण गाडी तर पळत असते, मग?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. उपग्रह ताशी २७,००० किलोमीटरने पळतोय. त्याच्यापुढे तुमचे ७० मैल म्हणजे उभ्या गाडीसारखेच. चालत्या गाडीत वापरायला एफसीसीने, म्हणजे अमेरिकेत दूरसंचाराचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, जून २०२२ मध्येच परवानगी दिली. तेव्हाची चालत्या गाडीसाठीची डिश मोठी आणि फार महाग होती. २०२४ मध्ये मिनी आली आणि साध्या गाडीवाल्यांना हे परवडायला लागलं.

यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. डिशला ११० अंशांचं मोकळं आभाळ लागतं. उपग्रह कुठल्याही बाजूने येईल, म्हणून डोक्यावरचा छोटा तुकडा दिसून भागत नाही.

३. काय काय लागेल

- स्टारलिंक मिनी. वायफाय राउटर हिच्या आतच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. वजन १.१ किलो.
- खोक्यात येणारी १५ मीटरची वायर आणि भिंतीच्या सॉकेटचा अडॅप्टर. हे घरच्या चाचणीला लागतात, फेकू नका.
- गाडीतून वीज द्यायची सोय. याच्यावर पाचवी पायरी पूर्ण वाचल्याशिवाय काहीही मागवू नका.
- टपावर बसवायला स्टँड: चुंबकाचा किंवा कॅरिअरच्या दांड्यांना आवळायचा.
- एक जाड नायलॉनची दोरी आणि दोन कॅरॅबिनर, म्हणजे गिर्यारोहक वापरतात त्या उघडझाप होणाऱ्या कड्या.
- फोनवर स्टारलिंकचं ॲप, घरी असतानाच उतरवलेलं. रानात गेल्यावर "ॲप डाउनलोड करते" म्हणणं म्हणजे विहीर खणायला पाणी मागणं.
- खात्यासाठी ईमेल, फोन नंबर आणि क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. सोशल सिक्युरिटी नंबर कोणी मागत नाही. व्हिसावर आलेल्या नव्या मंडळींनी त्याची काळजी करू नये.

जुनी डिश स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारू नका. प्रत्येक डिश आधीच्या मालकाच्या खात्याला बांधलेली असते. त्याने ती स्वतःच्या खात्यातून सोडवून तुमच्याकडे वर्ग केली नसेल तर तुम्ही विकत घेतलेला तो खरोखरच नुसता पाट. पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच डिशचा नंबर ॲपमध्ये घालून बघा.

४. प्लॅन घ्या आणि घरच्या अंगणात चालवून बघा

गाडीसाठी 'रोम' नावाचा प्लॅन लागतो. घराचा प्लॅन घराच्या पत्त्याला बांधलेला असतो, तो घेऊन फिरता येत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात अमेरिकेत १०० जीबीचा रोम महिन्याला ५० डॉलर होता आणि अमर्याद १६५ डॉलर. सहल नसलेल्या महिन्यांत तेव्हा ५ डॉलरच्या 'स्टँडबाय'वर टाकता यायचं. त्यात वेग अगदी कमी, पण मेसेज जातात. हे दर बदलत असतात, घेण्याच्या दिवशी ॲपमध्येच बघा.

डिश आली की लगेच गाडीकडे धावू नका. घराच्या अंगणात किंवा बाल्कनीत भिंतीच्या अडॅप्टरवर लावा. वायफायच्या यादीत नवं नाव दिसेल. ते जोडा, ॲप उघडा, डिश खात्यात नोंदवा. पहिल्यांदा चालू केल्यावर ती स्वतःचं सॉफ्टवेअर ताजं करते आणि मधेच एक-दोनदा बंद-चालू होते. त्या वेळी प्लग उपटायचा नाही. चहा करा, प्या, परत या.

मग ॲपमधलं अडथळे तपासायचं साधन वापरा. फोनचा कॅमेरा आभाळाकडे धरून गोल फिरवला की झाड, इमारत, खांब कुठे आड येतात ते दिसतं. हे दोन-तीन वेगवेगळ्या जागी करून बघा. मोकळं आभाळ म्हणजे किती मोकळं, हे डोळ्यांना इथेच कळतं. फेब्रुवारीत निष्पर्ण मेपलखाली चाललेली डिश मे महिन्यात पालवी फुटली की चालत नाही.

५. वीज: इथेच सगळे अडकतात

मी पहिल्या सहलीला निघताना 'जलद कार चार्जर' मागवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२० वॅट. गाडीत लावला, डिशचा दिवा लागला, दोन मिनिटांनी गेला, परत लागला, परत गेला. दिवसभर हा खेळ. रात्री हॉटेलात वाचायचा चष्मा लावून खोक्याची मागची बाजू बघितली, तेव्हा मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं: एकूण १२० वॅट तीन पोर्ट मिळून, आणि यूएसबी-सी पोर्टला जास्तीत जास्त ४५.

मिनीला एरवी २५ ते ४० वॅट पुरतात, पण सुरू होताना आणि बर्फ वितळवताना ती जास्त ओढते. यूएसबी-सीवरून चालवायची असेल तर एकाच पोर्टवर १०० वॅट, म्हणजे २० व्होल्टला ५ अँपिअर देणारा चार्जर पाहिजे. केबलही १०० वॅटचीच हवी. फोनच्या खोक्यातली केबल दिसायला तशीच असते, पण चालत नाही. डिशच्या बाजूला गोल पिनेचा प्लग असतो, त्यामुळे एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्या टोकाला ती गोल पिन, अशी केबल लागते. गाडीत आधीपासून असलेला यूएसबी पोर्ट फोनपुरता असतो, त्याच्याकडे बघूही नका.

दुसरा मार्ग, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून थेट. डिश १२ ते ४८ व्होल्ट घेते, त्यामुळे कागदावर हे बरोबर वाटतं. पण १२ ही खालची सीमा आहे, आणि वायर स्वतःही थोडी वीज खाते. १८ गेजच्या, म्हणजे बारीक, ५ मीटर वायरीत जाऊन-येऊन ५ अँपिअरला साधारण १ व्होल्ट पडतो. इंजिन चालू असताना सॉकेटवर साडेतेरा-चौदा व्होल्ट असतात, तेव्हा भागतं. इंजिन बंद केलं की बॅटरी साडेबाराच्या आसपास येते, डिशपर्यंत पोचतात साडेअकरा, आणि ती बंद पडते. लोकांना वाटतं डिश खराब आहे. थेटच द्यायची असेल तर वायर जाड आणि आखूड घ्या, किंवा व्होल्ट वाढवणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये घाला.

तिसरा मार्ग सगळ्यात सोपा आहे आणि त्याचा कोणी विचारच करत नाही. काही एसयूव्ही आणि ट्रकमध्ये मागे घरासारखं ११० व्होल्टचं सॉकेट असतं. ते असेल तर खोक्यातला अडॅप्टर त्यात घाला, काम संपलं. थोडी वीज वाया जाते, जाऊ दे.

आता सिग्नलला थांबलं की आपोआप इंजिन बंद होणाऱ्या गाड्यांबद्दल. इंजिन परत सुरू होताना काही गाड्यांत सॉकेटची वीज क्षणभर खाली जाते. तेवढ्याने डिश नव्याने सुरू होते आणि नेट यायला पुन्हा एक-दोन मिनिटं लागतात. शहरातून जाताना दर सिग्नलला हे झालं तर मुलं काय म्हणतील ते मी लिहीत नाही. डॅशबोर्डवर ही सोय बंद करायचं बटण असतं, गाडी सुरू केली की आधी ते दाबा.

आणि माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये तंबू ठोकला, डिश गाडीला तशीच जोडून ठेवली आणि झोपलो. आमच्या गाडीत किल्ली काढल्यावरही सॉकेट चालू राहतं, हे मला माहीत नव्हतं. ३० वॅट म्हणजे १२ व्होल्टला अडीच अँपिअर. दहा तासांत २५ अँपिअर-तास. आमची बॅटरी ६० अँपिअर-तासांची, पण चार वर्षांची आणि रात्रीच्या थंडीत गारठलेली. सकाळी सेल मारला तर नुसती टिक-टिक. बाबा म्हणाले, "धक्का मारूया." ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून काही होत नाही, हे त्यांना पटवण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी जंपर केबल लावून दिली. त्यांना चहा आणि चकली दिली.

तेव्हापासून रात्रीसाठी वेगळी पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, ठेवते. ३०० वॅट-तासाची बॅटरी, वाटेत जाणारी वीज धरून, डिशला सात-आठ तास चालवते. दिवसा गाडी चालू असताना ती चार्ज होते. शिवाय डिशला झोपेची वेळ लावून देता येते. ॲपमध्ये रात्री ११ ते सकाळी ६ घाला, तेवढ्या वेळात वीज फारच कमी लागते.

६. जागा: आत, बाहेर, आणि पोलीस

पहिला मोह असतो डिश डॅशबोर्डवर काचेखाली ठेवायचा. बसवायची कटकट नाही, चोरीची भीती नाही. तीन कारणांसाठी करू नका.

एक, काच. ऊन अडवणाऱ्या कित्येक काचांत धातूचा पातळ थर असतो. तो उष्णता परतवतो आणि डिशच्या लहरीही. साध्या काचेतून लहरी जातात, पण अर्धं आभाळ गाडीच्या टपानेच झाकलेलं असतं. दोन, ऊन. डिश ५० अंश सेल्सियसपर्यंत काम करते. मोहावेच्या वाळवंटात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त होतं. डिश तापली की आधी वेग कमी करते, मग बंद होते. तीन, कायदा. कॅलिफोर्नियात समोरच्या काचेवर चालकापासून लांबच्या खालच्या कोपऱ्यात ७ इंचांच्या चौकोनात बसेल एवढंच काही लावायला मुभा आहे. चालकाच्या बाजूला ५ इंच. मिनी पावणेबारा इंच लांब आणि दहा इंचांहून रुंद. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, पण चालकाची नजर अडवणारी वस्तू कुठेच खपत नाही. शेजारच्या सीटपुढे ठेवली तर खाली एअरबॅग असते. ती उघडली तर एक किलोचा पाट कोणाच्या तोंडावर येईल, याचा विचार करा.

काचेचा टप असलेल्या गाड्यांत डिश आतून वर चिकटवणारे लोक आहेत. चालली तर छान, पण स्टँडवर पैसे घालण्याआधी डिश नुसती हातात धरून अर्धा तास बघा.

मी टपावर बसवते. चुंबकाचा स्टँड घेण्याआधी घरातलं फ्रिजवरचं चुंबक टपाला लावून बघा. सगळे टप लोखंडी नसतात. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिला चुंबक धरणारच नाही. तिथे कॅरिअरचे दांडे वापरा.

टप आणि चुंबकाचं रबर, दोन्ही ओल्या फडक्याने पुसून घ्या. धुळीचा एक कण राहिला तर २०० मैलांच्या थरथरीत रंगावर नक्षी उमटते. आमच्या टपावर चार अर्धचंद्र आहेत. चालत्या गाडीत डिश सपाट, आभाळाकडे तोंड करून ठेवायची. पुढून उचललेली नको, वारा तिच्याखाली शिरतो. स्टँड कितीही घट्ट वाटला तरी दोरी बांधाच: एक टोक स्टँडला, दुसरं कॅरिअरच्या दांड्याला. चुंबक निसटलं तर डिश टपावरच खडखडेल, मागच्या गाडीच्या काचेवर जाणार नाही.

वायर आत आणायला भोक पाडायची गरज नाही. मागच्या दाराच्या रबरातून ती आत येते, रबर तेवढं दबतं. फक्त दाराच्या धातूच्या कडेवर वायर चेंगरत नाही ना, ते बघा. आणि आत शिरण्याआधी वायरीला बाहेर खाली लोंबता वळसा ठेवा. पाणी वायरीवरून घरंगळत येतं. वळसा असेल तर ते तळाशी टपकून जातं, नसेल तर सीटवर. डिशच्या बाजूचा प्लग टचकन आत बसेपर्यंत दाबा. पाण्यापासूनचं संरक्षण प्लग पूर्ण आत असेल तरच मिळतं.

ब्रशवाल्या कारवॉशमध्ये जाण्याआधी डिश काढा. हे लिहायची गरज नसावी, पण आमच्या घरातल्या एका माणसाने ती जवळजवळ आत नेलीच होती.

७. रस्त्यावर काय अपेक्षा ठेवायची

मोकळ्या आभाळाखाली मला साधारण १०० एमबीपीएस मिळतात, कधी जास्त, कधी बरेच कमी. रोम प्लॅनवर ताशी १०० मैलांपर्यंत चालतं. अमेरिकेतली सगळ्यात जास्त वेगमर्यादा टेक्सासमधल्या एका टोलरस्त्यावर आहे, ८५ मैल. म्हणजे १०० ची मर्यादा तुम्हाला अडली तर आधी पोलीस अडवतील.

वाळवंट, माळ आणि शेतांत मजेत चालतं. उत्तर कॅलिफोर्नियात 'ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स' नावाचा ३१ मैलांचा जुना रस्ता रेडवुडच्या जंगलातून जातो. तिथे फांद्या डोक्यावर मंडपासारख्या मिळतात. ॲपमध्ये लाल ठिपक्यांशिवाय काही दिसत नाही. योसेमिटीच्या दरीतही दोन्हीकडे ग्रॅनाइटच्या भिंती आणि मध्ये उंच पाइन, त्यामुळे नेट येतं, जातं, परत येतं. व्हॉट्सॲपचा मेसेज अशा ठिकाणी जातो, व्हिडिओ कॉल अडखळतो. बोगद्यात अर्थातच काही नाही. बाहेर आल्यावर काही सेकंदांत परत जोडलं जातं.

ऑफिसची मीटिंग चालत्या गाडीतून करणाऱ्यांनी, म्हणजे शेजारच्या सीटवर बसून करणाऱ्यांनी, हे धरून चालावं की पुलाखालून गेलात की एक-दोन सेकंद आवाज तुटणार. तुम्हाला बोलायचं असेल तेव्हा गाडी मोकळ्या जागी उभी करा. उभ्या गाडीत ॲप सांगतं की डिश कुठे वळवायची आणि किती तिरकी करायची. अमेरिकेत बहुतेक वेळा ती उत्तरेकडे कलते. नुसती सपाट ठेवली तरी चालतं, कलवली तर थोडं बरं.

निघण्याआधी प्रत्येक फोनवर तीन गोष्टी करा.

वायफाय कॉलिंग चालू करा. मग रेंज नसतानाही डिशवरून साधा फोन लागतो, ९११ सुद्धा. फक्त ९११ ला तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यावरचे, म्हणजे घरचे, तपशील दिसू शकतात. म्हणून त्यांनी फोन उचलल्या उचलल्या रस्त्याचा नंबर आणि जवळचा मैलाचा दगड सांगा.

फोटोंचा आपोआप बॅकअप आणि ॲपचे अपडेट बंद करा. डिशचं वायफाय फोनला घरच्या वायफायसारखंच वाटतं, त्यामुळे तो निवांतपणे दिवसाचे चारशे फोटो वर चढवत बसतो. आमचे १०० जीबी गेल्या उन्हाळ्याच्या सहलीत नऊ दिवसांत संपले. त्यात मुलांच्या व्हिडिओंचा हात होताच: एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत जातात. टॅबलेटवर दर्जा कमी करून ठेवा, एवढ्याशा पडद्यावर फरक कळत नाही.

आणि नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. डिश असली तरीही.

एक किरकोळ गोष्ट. या नेटवर तुमचं ठिकाण भलत्याच शहराचं दिसतं. तुम्ही नेवाडात, आणि बँकेला वाटतं तुम्ही लॉस एंजेलिसमध्ये. बँकेचा 'हे तुम्हीच का' असा मेसेज आला तर घाबरू नका. ऑफिसचं व्हीपीएन असेल तर आयटीवाल्यांना आधीच सांगा.

८. भारतात नेऊ नका

गेल्या वर्षी परत जाताना बाबांनी अगदी सहज विचारलं, "हा पाट नेऊ का? शेतावर लागेल." आमचं शेत पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यात. तिथे फोन लावायला टेकडीवरच्या आंब्याखाली जावं लागतं. डिश तिथे सोन्यासारखी चालली असती. मोह मलाही झाला.

पण नाही. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रहाशी बोलणारं उपकरण बाळगणं हाच गुन्हा ठरतो. हे डिशपुरतं नाही. उपग्रह फोनही त्यात येतो, आणि गिर्यारोहक कंबरेला लावतात तो तळहाताएवढा गार्मिनचा संदेशक सुद्धा. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासी महिलेला अशाच संदेशकामुळे पोलिसांच्या ताब्यात जावं लागलं. अमेरिकेतल्या दुकानात ही वस्तू टॉर्चशेजारी टांगलेली असते, त्यामुळे आपल्याला शंकाही येत नाही. सह्याद्रीत ट्रेक करायला म्हणून इथून जाणाऱ्यांनी आपली सॅक एकदा नीट उपसून बघा.

शिवाय नेऊनही उपयोग नाही. अमेरिकेच्या खात्यावरची डिश ज्या देशात सेवा सुरू नाही तिथे चालतच नाही. भारतात स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला आणि इन-स्पेसची, म्हणजे खासगी कंपन्यांच्या अवकाश-कामांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी जुलैत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची नावं आहेत. वनवेब आणि जिओ या कंपन्यांकडेही उपग्रह सेवेचे परवाने आहेत. पण परवाना कंपनीला असतो, तुमच्या बॅगेतल्या डिशला नाही. तिथे घ्यायची ती तिथल्या खात्यावर, तिथल्या नियमांनी.

तोपर्यंत ताम्हिणी, वरंधा किंवा माळशेज उतरताना नकाशे आधी उतरवून ठेवायचे आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं फोनमध्ये ठेवायची. एकीची रेंज जाते तिथे कधीकधी दुसरीची असते.

बाबांनी डिश बॅगेतून काढून ठेवली. चुंबकांचा जुना स्टँड मात्र त्यांनी नेला. ट्रॅक्टरच्या बॉनेटला पाने चिकटवून ठेवायला बरा पडतो म्हणे.